पोत्यातून आलेला बैल

माझ्या धंद्यात एक मोठं सुख आहे. ज्याचं चित्र काढायचं, तो मरून लाखो वर्षं झालेली असतात. त्यामुळं ‘हा मी नाहीच’ अशी तक्रार घेऊन तो दारात येत नाही. त्याचा मालकही येत नाही. संपादक येतात, तज्ज्ञ येतात, पण त्यांनी तरी ते जनावर कुठं पाहिलेलं असतं? आम्ही सगळे मिळून न पाहिलेल्या गोष्टीवर तावातावानं भांडतो, आणि शेवटी कुणीतरी दमतं म्हणून चित्र छापलं जातं.

हे सुख मी निम्मं आयुष्य उपभोगलं. मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी माकणीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या चित्रावरचं फडकं काढलं आणि मला असा धक्का दिला की त्यातून मी अजून सावरलेले नाही. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा निरोप आला तेव्हा दुसरं काही डोळ्यांसमोर येईचना. पण आधी काम सांगते, नाहीतर धक्का कळायचा नाही.

मी मूळची तेरखेड्याची. आमच्या गावात फटाके बनतात हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पण फटाक्याच्या खोक्यावर चित्र लागतं आणि ते कुणीतरी काढावं लागतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते मी काढायचे. कारखानदार काका म्हणायचे, “दुकानासमोर पोरगं थांबलं पाहिजे बघ.” पोरगं थांबावं म्हणून मी वाघाला पंख लावले, मोराला घोड्याचे पाय दिले, आणि हत्तीच्या सोंडेतून सुरसुऱ्या उडवल्या. पुढं धाराशिवला एका प्रदर्शनात शहरातला एक चित्रकार माझं काम बघून म्हणाला, हा तर अतिवास्तववाद! मी घाबरले. काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं. आमच्याकडं त्याला लेबल म्हणत.

मग तयार छापील लेबलं बाहेरून यायला लागली आणि हातानं काढणारी मी रिकामी झाले. तोवर लग्न होऊन लोहाऱ्याला आले होते. मुलांच्या एका पुस्तकाला डायनासोर हवे होते, ते मिळाले. पुढं घरात इंटरनेट आलं आणि माझं गिऱ्हाईक एकदम सातासमुद्रापलीकडचं झालं. कुणाला नामशेष झालेली जनावरं हवी असतात. कुणाला कधी नव्हतीच अशी हवी असतात. ‘तुमच्या नदीतला मासा जमिनीवर राहायला आला असता आणि त्याला लाखो वर्षं मिळाली असती, तर तो कसा दिसला असता?’ अशी विचारणा मला सकाळी चहाच्या वेळी येते. आमचे हे तहसीलमध्ये होते. आयुष्यभर सातबारे पाहिलेला माणूस. ते विचारतात, “अगं, पण तो आलाच नाही ना वर?” त्यांचं म्हणणं बरोबर असतं, म्हणून मी कप उचलते आणि कामाला बसते.

हे काम मनाला येईल तसं करता येत नाही, हे मला कासीमचाचांनी शिकवलं. चाचांचं लोहाऱ्यात मटणाचं दुकान होतं. मी पुस्तकातला सांगाडा घेऊन त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, याच्यावर मांस कुठं-कुठं असेल? चाचांनी चित्र बाजूला ठेवलं आणि बकऱ्याच्या खांद्याचं हाड माझ्या हातात दिलं. म्हणाले, “बेटी, बोट फिरव. इथं खरबरीत लागतंय ना? इथं गोश पकडून बसलेलं असतंय. जितकं खरबरीत, तितकी ताकद.” तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी सांगाडा, मग मांस, मग कातडी. पंख लावायचे तरी ते ओढायला छातीत मांस कुठून आणणार, हे आधी ठरवायचं. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी माझे लेबलावरचे सगळे उडते वाघ मनातल्या मनात धडाधड खाली पडले.

हाड पुष्कळ सांगतं. जनावर कसं उभं राहत होतं, कुठल्या बाजूनं चावत होतं, कुठला पाय दुखत होता. रंग मात्र सांगत नाही, आवाज सांगत नाही. बैलाचं वशिंड केवढं, कान केवढे, गळ्याखालची कातडी किती लोंबत होती, हेही धड सांगत नाही. तिथं आम्ही अंदाज करतो, आणि अंदाज खरा की खोटा हे कधीच कळत नाही. बाहेरच्यांना यात मजा वाटते. मला वय वाढलं तसं हे सलायला लागलं. समजा मी काढलेलं सगळंच चुकीचं असेल, तर? निम्मं आयुष्य मी थापा रंगवल्या असतील, तर? सांगणारं कुणी जिवंतच नाही.

इथल्या गिऱ्हाइकांना हा प्रश्न पडत नाही, हे खरं. एका शाळेच्या भिंतीवर मी तीक्ष्ण दातांचा डायनासोर काढला. हेडमास्तर मागं हात बांधून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, जरा हसरा करता येईल का? पालक येतात.” केला हसरा. तो अजून हसतोय, आणि आधीपेक्षा जास्त भयानक दिसतोय. दुसरे एक बागायतदार. त्यांच्या उसात रानडुकरं शिरत होती. त्यांना डुकरं पळून जातील असं जनावर फ्लेक्सवर हवं होतं. मी जीव ओतून काढलं. तरसाचा जबडा, मगरीची पाठ, डोळे तर विचारूच नका. फ्लेक्स बांधावर लागला. डुकरं त्याच्याच सावलीत बसायला लागली, आणि खुरपायला येणाऱ्या बायकांनी मात्र त्या रानात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. बागायतदार माझ्याशी अजून बोलत नाहीत.

तर असं चाललं होतं. एका सकाळी दारात व्यंकटआबा उभे राहिले. माकणीहून जीपनं आले होते. धोतर, टोपी, जाड भिंगाचा चष्मा, आणि खांद्यावर खताचं पोतं. मी त्यांना ओळखत नव्हते. ओसरीत आले, पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, “बाई, तुमी हाडावरनं जनावर काढता म्हनं. खरं हाय का?”

“काढते. पण जुनी, नामशेष झालेली.”

“आमचं बी झालंय की नामशेष,” आबा म्हणाले आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं.

आतून कवटी बाहेर आली. मातीनं माखलेली, शिंगांची टरफलं गळून गेलेली, आतली नुसती हाडं राहिलेली. आमच्या ह्यांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला आणि ते आत निघून गेले. आयुष्य हाडांच्या चित्रांत गेलं तरी मीही दोन पावलं मागं सरकले. माझी जनावरं कागदावर असतात. ओसरीत येत नाहीत.

आबांनी सांगितलं ते असं. त्यांचा सर्ज्या नावाचा देवणी बैल होता. म्हातारा होऊन दावणीलाच मेला. त्यांनी त्याला रानात कडुलिंबाखाली पुरलं. आता मुलानं पाइपलाइनसाठी जेसीबी लावला, तर लिंबाजवळ हाडं वर आली. घरात ट्रॅक्टर असल्यानं बैल नाहीत. पोळ्याला मातीचे बैल पुजतात.

“मातीच्या बैलाची खांदेमळणी करायची म्हंजे बाई, लाज वाटती,” आबा म्हणाले. “त्याला खांदाच कुठाय?”

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू बसतं तिथं, तूप-हळद चोळतात. त्याला म्हणतात खांदेमळणी. चोळता चोळता त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मालकानं बैलाची माफी मागायचा तो एक दिवस असतो, असं मला वाटतं.

“फोटो नाही का एखादा?” मी विचारलं.

“मानसांचंच न्हाईत फोटू. बैलाचा कोन काढतंय? माझं डोळं आता चाललं. जायच्या आत एकदा सर्ज्या भिंतीवर बगायचाय.”

मी नाही म्हणायला हवं होतं. कारण हे पहिलं गिऱ्हाईक होतं ज्यानं जनावर जिवंत पाहिलेलं होतं. ज्या परीक्षेची मला इतकी वर्षं भीती होती, ती खताच्या पोत्यातून घरी आली होती. पण आबांनी ती कवटी पोत्यातून काढताना खाली हात धरला होता, झोपलेल्या लेकराचं डोकं उचलताना धरतात तसा. मी हो म्हटलं. बाकीची हाडं, विशेषतः पायांची, गोळा करून आणायला सांगितली.

दुसरं पोतं आल्यावर मी त्यांना बसवून घेतलं आणि सर्ज्या कसा होता ते विचारलं. आबा सुरू झाले. मान नेहमी वर. चालताना रुबाब असा की पाटलांची जोडी बाजूला व्हायची. शिंगं सारखी, जशी मोजून लावलेली. अंग पांढरं, फक्त कान काळे.

“जोडी होती का?”

“व्हती.” आबांनी चष्मा काढून पुसला. “दुसरा इकला बाजारात. ट्रॅक्टर आल्यावर दोन कशाला लागतात?” आणि लगेच म्हणाले, “सर्ज्याची पाठ मात्र लिहून घ्या, अशी सरळ व्हती.”

मी कामाला बसले आणि पहिल्याच दिवशी घाम फुटला. हाडं आबांचं ऐकायला तयार नव्हती. डाव्या शिंगाचं आतलं हाड उजव्यापेक्षा खाली झुकलेलं. दाढा एकाच बाजूला जास्त झिजलेल्या. उजव्या पायांच्या खुरांजवळची हाडं दबून पसरलेली, कमरेचा सांधाही त्याच बाजूला खडबडीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नांगराच्या जोडीत प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, ती जन्मभर बदलत नाही. एक बैल आधीच्या तासात, म्हणजे खालच्या खोल जागेत चालतो. दुसरा वर, न नांगरलेल्या जमिनीवर. खालच्याच्या अंगावर जास्त भार येतो. हा बैल आयुष्यभर उजवीकडं, तासात चालला होता. असला बैल मान वर करून रुबाबात उभा राहत नाही. तो उजव्या अंगावर कलून, मान जरा खाली घालून उभा राहतो.

आता कुणाचं खरं मानायचं? माणसं मेलेल्याबद्दल नेहमी चांगलंच बोलतात. बैलाबद्दल तर देवासारखं बोलतात. मला वाटलं, आबांच्या आठवणीत सर्ज्या हळूहळू सरळ होत गेला असणार. मी एक चित्र आबांच्या म्हणण्याप्रमाणं सुरू केलं. छान दिसत होतं, कॅलेंडरवर शोभलं असतं. पण कवटीकडं बघितलं की ते लेबल वाटायला लागलं. ते पुसलं. हाडं सांगतील तसं जनावर उभं केलं आणि फक्त रंग आबांच्या तोंडचा घेतला. पांढरं अंग, काळे कान.

चित्र पुरं झालं तेव्हा त्यातून एक दमलेला, कललेला, थोडासा तिरपा बघणारा बैल माझ्याकडं बघत होता. मला तो फार आवडला आणि आबांचं काय होणार या विचारानं मला झोप येईना. ज्याला डोळे जायच्या आत आपला राजा बघायचा होता, त्याच्यासाठी मी गडी काढला होता.

खांदेमळणीच्या दिवशी दुपारी मी चित्र फडक्यात गुंडाळून, रंगांची पेटी घेऊन माकणीला गेले. पेटी एवढ्याचसाठी की आबा फारच रागावले तर निदान मान तरी वर करून द्यावी. घर साधं, पत्र्याचं. इंदरबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, पाणी दिलं आणि त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. माझ्याकडं एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. मला ते जरा विचित्र वाटलं. पाटावर मातीचे दोन बैल मांडलेले होते, शेजारी तूप-हळदीची वाटी. मी चित्र भिंतीला टेकवलं. आबांनी फडकं काढलं.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. जवळ गेले. डाव्या शिंगावर बोट ठेवलं. मग पायांकडं बघत खाली बसले. मी पेटीकडं हात नेला. मी म्हणाले, “आबा, मान थोडी वर करता येईल...”

“बाई,” आबा खालूनच म्हणाले, “ह्यो सर्ज्या न्हाय.”

झालं. मला ब्रह्मांड आठवलं. आयुष्यातली एकमेव परीक्षा आणि मी साफ नापास.

“ह्यो माणक्या हाय,” आबा म्हणाले. “रंग सर्ज्याचा. पन जनावर माणक्याचं हाय. असाच हुबा ऱ्हायचा. उजवीकडं कलून. हे शिंग असंच व्हतं. बाई, तुमाला माणक्या कुनी सांगितला?”

माणक्या हे नाव मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होते. जोडीतला दुसरा, बाजारात विकलेला. मी पूर्ण आयुष्यात न पाहिलेलं, नाव न ऐकलेलं जनावर काढलं होतं आणि त्याच्या मालकानं ते ओळखलं होतं, तेही दुसऱ्याची कातडी पांघरलेलं. मी आनंदानं ओरडायला हवं होतं. पण मला भीती वाटली. विकलेल्या बैलाची हाडं यांच्या लिंबाखाली कशी?

आबांनाही तोच प्रश्न पडला असणार. त्यांनी हळूहळू मान वळवून चौकटीकडं बघितलं.

इंदरबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि काढला. “पोतं घरात आलं तवाच शिंग बघून मला कळलं,” त्या म्हणाल्या. “म्हनलं, बाईला काय कळतंय? नुसत्या हाडावरनं बैलासारखा बैल काढंल.”

“पन त्यो हितं आला कवा?” आबांनी विचारलं.

“तुमी डोळ्याच्या आपरेशनला सोलापूरला व्हता. पाव्हन्याकडं ऱ्हायला व्हता, डोळ्याला पट्टी. सकाळी दार उघडते तर माणक्या दारात. दावं तोडून आलेला. तोंडाला फेस, पायाची चाळन झालेली. किती गावं वलांडून आला देव जानं. म्या बगतच ऱ्हायले. त्यो सरळ गोठ्यात गेला अन् सर्ज्याच्या उजव्या अंगाला, आपल्या जाग्यावर जाऊन हुबा ऱ्हायला.”

“मग?”

“घेनारा मानूस माग काढत आला. बैलाची दशा बगितली अन् ‘ऱ्हाऊ द्या हितंच’ म्हनून माघारी गेला. माणक्यानं वैरनीला तोंड लावलं न्हाय. रोज दाराकडं बगायचा. तुमी यायच्या आत त्यो गेला. म्या अन् भावजींनी लिंबाखाली पुरला.”

“सर्ज्या बी तिथंच हाय की.”

“त्यो पलीकडच्या अंगाला. म्याच म्हनले न्हवते का, हिकडं मुळ्या हायेत, तिकडं खड्डा घ्या म्हून?”

“एवडी वर्सं मला सांगितलं न्हाईस. कामून?”

“इकून आल्यावर तुमी ताटावर बसत नव्हता. कसं सांगू, की त्यो तुमाला बगायला आला व्हता?”

मी तेरखेड्याची आहे. वात लावल्यावर माणसानं कुठं उभं राहायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. इथं मी स्वतःच वात लावून पुढ्यात बसले होते आणि उठून जायला जागा नव्हती. मला माझ्या हाडांचा, कासीमचाचांचा, सगळ्या विद्येचा राग आला. हसरा डायनासोर काढणारी बाईच बरी होती. कॅलेंडरचा बैल काढला असता तर म्हातारा-म्हातारी सुखानं सण करत असती.

“आबा, चुकलं माझं,” मी म्हणाले. “हे मी परत नेते. लिंबापलीकडची हाडं काढून आणा, मी सर्ज्या काढून देते.”

आबांनी मान हलवली. “नगं. सर्ज्या माझ्या मांडीवर मेला. त्याला पाणी पाजलं, माती दिली. डोळं मिटलं की त्यो दिसतोय मला. ह्याचं तोंड दिसत नव्हतं. बाजारात पाठ फिरवली, तवापासनं दिसलंच न्हाय.” मग पेटीकडं बोट करून म्हणाले, “रंग तेवडा बदला. ह्याच्या डाव्या डोळ्याभोवती काळं व्हतं. अन् पुढच्या खांद्यावर बी, हातायेवडं.”

मी पेटी उघडली. आबा शेजारी बसून सांगत गेले, मी लावत गेले. “न्हाय, जरा खाली. हां. कान पांढरं, जरा मोठं. वशिंड एवडं न्हाय, बारीक करा. तसं न्हाय बाई, तसं न्हाय... व्हय, आता आला.” इतकी वर्षं काम केलं, पण माझी चूक मला दाखवणारं माणूस पहिल्यांदा शेजारी बसलं होतं. वशिंड मी चुकवलं होतं. कानही चुकवले होते. हाडांनी सांगितलेलं मात्र एकही बदलावं लागलं नाही. मला रडू आलं आणि ते कशाचं होतं हे मला अजून सांगता येत नाही.

ऊन उतरलं. इंदरबाईंनी उठून पाटावरचे मातीचे बैल उचलले आणि कोनाड्यात ठेवले. तूप-हळदीची वाटी आबांच्या हातात दिली. मला काय होणार ते कळलं आणि मी हादरले. रंग ओला होता. तूप लागलं की सगळं फिसकटणार, खांदा जाणार, डाग कायमचा राहणार. ‘आबा, थांबा’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

आबांनी वाटीत बोटं बुडवली आणि माणक्याच्या खांद्यावर, मी नुकत्याच लावलेल्या काळ्या रंगावर, हात फिरवायला सुरुवात केली. काळ्यात पिवळं मिसळलं. तूप खाली ओघळायला लागलं. ते चोळत राहिले, जिथं जू बसतं नेमकं तिथं.

“आज आवतन घे, उद्या जेवाय ये,” ते त्याला म्हणाले. “मागं आलास तवा म्या घरी नव्हतो. आता हाय.”